सांदवाडीतली हाजिरी

१

आमच्या घरी जेवणाची हाक आत्या मारतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, देवकाबाई. भाताचं पातेलं चुलीवरून उतरलं की मी पाट मांडते, पाण्याचे गडवे भरून ठेवते, आणि आत्या चुलीपुढूनच, मान न वळवता ओरडतात, "उदारामऽ! ये गा जेवाले!" मग पुढच्या सपरीतून, म्हणजे ओसरीतून, "ओ माय" येतं आणि हे पाय धुऊन आत येतात.

उदाराम हे माझ्या यजमानांचं नाव. मी ते तोंडाने घेत नाही. लिहायला हरकत नसावी असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, कारण कागदावर आवाज होत नाही.

सगळं आता नीट आहे हे आधीच सांगून टाकते. या घडीला ते गोठ्यात बैलांशी भांडत आहेत आणि आमची शामकला त्यांच्या खांद्यावर बसून बैलांचीच बाजू घेत आहे. वाचणाऱ्या बायांनी जीव मुठीत धरून वाचू नये. मी धरला तेवढा पुरे.

ते ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परत आले त्या हिवाळ्यात हे सुरू झालं. धान कापून झाले होते. खळ्यावर बैलांच्या पायाखाली चुरणं चाललं होतं, घरभर तुसाची खाज. दुपारची वेळ. आत्यांनी नेहमीसारखी हाक मारली. सपरीतून "ओ माय" आलं. आणि त्याच वेळी, किंवा त्याच्याही जरा आधी, मागच्या सांदवाडीतून कोणीतरी म्हणालं, "हाजिर."

सांदवाडी म्हणजे आमच्या घरामागचा कुंपणातला तुकडा. तिथे वालाचा मांडव आहे, एक बोरीचं झाड आहे, भांडी घासायचा दगड आहे. यायला रस्ता एकच, आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून. त्या दारात मी बसले होते.

"आत्या, मांगं कोन आहे?"

"कोन राहील वो? गाय सुटली असंल."

गाय हाजिर म्हणत नाही. पण हे मी बोलले नाही. शामी माझ्या मांडीला टेकून भात चिवडत होती. तीन वर्षांची पोर, बापाला नुकतीच ओळखायला लागलेली. खरं तर ओळखायला लागली नव्हतीच. ते जवळ आले की माझ्या पदरात शिरायची. बाप सपरीतून आत येत होता आणि ही मान वळवून मागच्या दाराकडे बघत होती.

माझे वडील शाळामास्तर. सातवीपर्यंत त्यांनी मला शिकवलं. आवाज भिंतीवर आपटून परत येतो हे पुस्तकात होतं. पण परत येताना तो शब्द बदलत नाही. "ओ" गेला तर "ओ"च यायला हवा.

आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत नव्हते.

२

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिरोड्याकडचा एक शिपाई सुट्टीवर आला होता. त्याने आमच्या शेजारच्या भैयाजींना बातमी सांगितली. यांची मजूर पलटण एका नदीवर पूल बांधत होती, जपानी विमानं आली, पुलावरची टोळी गेली. सकाळच्या गिनतीत त्या टोळीत उदाराम हजर होता.

भैयाजी माझ्या सासऱ्यांचे दोस्त. यांना त्यांनी खांद्यावर खेळवलं होतं. त्यांनी ती बातमी आम्हाला सांगितली तेव्हा ते आमच्या उंबऱ्यावर बसून राहिले, आत येईनात.

गावातल्या चार बाया माझ्या बांगड्या फोडायला आल्या. आत्या दारात आडव्या झाल्या. "डोयानं पायल्याबिगर मी माह्या सुनेचं कपाळ पुसू देनार नाई. जा आपापल्या घरी!"

पण त्यानंतर आठवड्यातच अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, आली. अक्तीला आमच्याकडे घरच्या मेलेल्या माणसांसाठी पाणी भरतात. एकेका माणसाची एकेक नवी मातीची घागर. मागच्या दारात त्या ओळीने मांडायच्या, नाव घेऊन हाक मारायची आणि मोहाच्या पानाच्या द्रोणातून पाणी सोडायचं. म्हणजे ज्याचं नाव घेतलं तो येतो, पिऊन जातो, वर्षभर तहानलेला राहत नाही.

आत्यांनी त्या वर्षी एक घागर जास्त आणली.

"मेला असंल त तहानला नोको राहाले," त्या म्हणाल्या. "अन् जिता असंल त पान्यानं काई बिघडत नाई."

आता अडचण अशी की आत्या सासऱ्यांचं नाव घेत नाहीत, मी सासऱ्यांचंही घेत नाही आणि यांचंही नाही. म्हणून सासरे गेल्यापासून दर अक्तीला भैयाजीच येऊन हाका मारतात. "तुमच्या घरचे मेलेले माह्यासंगच जास्त बोलतेत," असं ते दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी स्वतःच हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. सासऱ्यांना हाक मारली, आजेसासऱ्यांना मारली. नव्या घागरीपाशी आले आणि तोंड उघडून तसेच थांबले. आवाज फुटेना. आत्यांनी तोंडात पदर कोंबलेला.

"रुख्मा," त्या कशाबशा म्हणाल्या, "तू म्हन वो. तू शिकलेली आहेस."

शिकलेल्या माणसाला मेलेल्यांना हाक मारता येते असं कुठल्या पुस्तकात आहे मला माहीत नाही. पण म्हणायला तर कोणीतरी हवं होतं. मी द्रोण उचलला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांचं नाव मी जन्मात पहिल्यांदा घेतलं ते असं.

"उदाराम."

वालाच्या मांडवाखालून आवाज आला, "हाजिर."

शाळेत हजेरीला आम्ही "हजर" म्हणायचो. हा शब्द त्याच्याच घरचा, पण मधला इकार चांगला स्पष्ट होता. थकलेला, खर्जातला, पुरुषाचा आवाज. मी वर बघितलं तर मांडवाखाली नुसतं ऊन सांडलेलं. भैयाजी डोळे पुसत होते. आत्यांनी ऐकलं नव्हतं. उपास आहे, ऊन आहे, डोकं फिरलं असेल, असं म्हणून मी पाणी सोडलं.

आणि दिवाळी झाल्यावर हे आपल्या पायांनी चालत घरी आले. वाळून काटकी झालेले, पण जिते. आघाडीमागच्या कुठल्याशा दवाखान्यात पडून होते म्हणे, तापात नावगाव सांगता येत नव्हतं. आत्यांनी त्यांना धरून आधी दोन थपडा लगावल्या आणि मग रडल्या.

मग मला सांगा, अक्तीला जिता असलेला माणूस ब्रह्मदेशात होता. तर माझ्या हाकेला ओ दिली ती कोणी?

३

तो हिवाळा मी फार हिशेबाने काढला. आत्यांनी हाक मारली की मी कान मागच्या दाराला लावायची. रोज यायचा असं नाही. कधी आठवडा आठवडा काही नाही, मी मनातल्या मनात स्वतःला वेड्यात काढायची, आणि मग एखाद्या दुपारी, पाट मांडता मांडता, पुढून "ओ माय" आणि मागून "हाजिर". आवाज कधी वाढला नाही, कधी जवळ आला नाही. जणू त्याचं काम तेवढंच होतं.

मी कुंपण तपासलं. मांडवाखालची माती शेणाने सारवून ठेवली, पाऊल उमटतं का बघायला. उमटलं नाही. बिरसीला लढाईच्या दिवसांत विमानांची पट्टी झाली तेव्हापासून परके लोक फिरतात, त्यांच्यातलाच कोणी चावट असेल म्हणून भैयाजींना लक्ष ठेवायला सांगितलं. ते दोन दिवस काठी घेऊन कुंपणापाशी बसले, बोरं खाल्ली आणि गेले.

"रुख्मा, तुह्या मांडवात भूत नाई, वाल आहेत. भाजी कर."

त्याच भैयाजींनी एकदा सपरीत बसून यांची थट्टा केली. "काबे उदाराम, तुह्या नावाचं पानी भरलं होतं ना आमी! जीवाले लय गोड लागलं असंल तिकडं?"

हे तंबाखू मळत होते. हात थांबला. "माह्या नावाचं? केव्हा?"

"अक्तीले. नाव तुह्या घरवालीनं घेतलं. मले त बाप्पा बोलताच नाई आलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला ते बघणं समजलं नाही, म्हणून जास्त भीती वाटली. त्यानंतर ते सपरीत रस्त्याकडे पाठ करून बसायचे, तोंड घराकडे, म्हणजे मधलं दार उघडं असलं की थेट सांदवाडी दिसेल असे.

संक्रांतीनंतर ताप आला. ब्रह्मदेशातला ताप, तो तिकडून अंगातच घेऊन आले होते. आधी थंडी, मग आग, मग घाम. गोंदियाहून कडू गोळ्या आणल्या. चार दिवस बरं, पुन्हा पडायचे. होळी गेली, मोहाची फुलं वेचून झाली, अंगावर मांस राहिलं नाही. आणि मग एका दुपारी ती गोष्ट झाली.

आत्यांनी हाक मारली, "उदारामऽ!"

मागून "हाजिर" आलं.

पुढून काहीच आलं नाही.

मी धावत सपरीत गेले. हे खाटेवर टक्क जागे होते. "आत्या हाक मारून रायल्या, ओ काऊन नाई देत?"

"देली ना," ते म्हणाले. "देली त कोनंतरी." आणि डोळे मिटले.

त्या दिवसापासून त्यांनी ओ देणं जवळजवळ सोडलं. मला वाटलं, मला आता सगळं कळलं. मेलेल्यांच्या ओळीत मी त्यांना हाक मारली होती. ती हाक अजून मिटलेली नाही. कोणीतरी त्यांच्या नावाने येऊन मागे उभं राहिलं आहे, आणि ते जसं घट्ट होत चाललं आहे तसे हे विरत चालले आहेत. एक दिवस आत्या हाक मारतील आणि फक्त मागचाच उरेल.

पण हे सांगणार कोणाला? आत्यांना सांगितलं असतं तर त्यांनी घागर आणल्याबद्दल स्वतःचा जीव घेतला असता.

४

चैत्रातली दुपार. आत्या वड्यांसाठी डाळ दळून आणायला शेजारी गेल्या होत्या. हे खाटेवर, दोन गोधड्या अंगावर, तरी दात वाजत होते. मी त्यांच्या कपाळावर ओला फडका ठेवत होते. घरात नुसता त्यांच्या दातांचा आवाज आणि छपराच्या कवेलूंवर ऊन तडकण्याचा.

शामी कुठे आहे हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. आत्यांची नक्कल करत होती ती. कमरेवर हात ठेवून, सूर लावून.

"उदालामऽ!"

"हाजिर."

शामी खुदकन हसली. पुन्हा, "उदालामऽ!"

"हाजिर."

खेळ चालला होता त्यांचा. तिसऱ्यांदा तिने मोठ्याने हाक मारली आणि तितक्याच सबुरीने, न कंटाळता, न हसता, उत्तर आलं. पोरीची हाक आहे की पलटणीतल्या हवालदाराची याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मी कशी गेले ते मला आठवत नाही. शामी मागच्या दारात उभी होती, एक पाय उंबऱ्याबाहेर. मी तिला मागून उचललं, तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. डोळे मिटून परत वळायचं असं ठरवलं होतं. पण आईचं मन असं असतं की पोर जिकडे बघत होतं तिकडे एकदा बघितल्याशिवाय राहवत नाही.

मांडवापलीकडे, बोरीच्या सावलीत, एक माणूस पाठमोरा उभा होता. ताठ. दोन्ही हात अंगाला चिकटलेले. मानेवरचे केस ओले होते आणि खाकी सदऱ्यावरून पाणी गळत होतं, थेंब थेंब, पण खालची माती कोरडी होती.

त्या पाण्याचं मला तितकं भय वाटलं नाही. भय वाटलं ते त्याच्या उभं राहण्याचं. तो एकटा होता, पण एकटा माणूस असा उभा राहत नाही. ओळीत उभा राहिल्यासारखा होता तो. आणि त्याच्या डाव्या अंगाला एका माणसापुरती जागा सोडलेली होती.

शामीने माझ्या खांद्यातून तोंड बाहेर काढलं आणि माझा पदर ओढला. मी खाली बघितलं, वर बघितलं. बोरीचं झाड. ऊन.

५

मी दार लावलं, कडी घातली, वर पाटा लोटला. मग सपरीत येऊन खाटेच्या पायाशी बसले. शामीला सोडवेना. आणि सगळं बोलून टाकलं. गेल्या अक्तीपासून. रडत नव्हते, पण दात माझेही वाजत होते.

हे गोधडीतून ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, "जागा कोनत्या बाजूले होती?"

"डावीकडं."

त्यांनी गोधडी बाजूला सारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते स्वतःहून उठून बसले.

"कवडू आहे तो," ते म्हणाले.

कवडू हा दरेकशाचा. रेल्वेच्या बोगद्यापलीकडच्या जंगलात लाकूड तोडायचा. आईबाप नाहीत, बायको नाही. यांच्याच टोळीत होता, गिनतीला यांच्या उजव्या हाताला उभा राहायचा. पलटणीत रोज सकाळी ओळ लागायची आणि हवालदार एकेकाचं नाव घ्यायचा. तापाने कोणी पडला तर त्याला नदीपल्याडच्या छावणीत टाकायचे, आणि तिथे गेलेला फारसा परत यायचा नाही. म्हणून पोरांनी एक युक्ती काढली होती. पडलेल्याला झाडीत लपवायचं, त्याच्या शेजारच्याने ओळीत थोडं ऐसपैस उभं राहायचं म्हणजे खिंडार दिसत नाही, आणि नाव आलं की आवाज बदलून त्याच्यासाठीही हाजिर म्हणायचं. दिवसभर त्याचंही काम ओढायचं.

"त्या दिवशी मी झाडीत पडून होतो," हे म्हणाले. "कवडूनं दोन खेपा हाजिर म्हटलं. एक त्याचं, एक माहं. अन् पुलावर गेला. इमानं आली."

म्हणून गिनतीत उदाराम हजर होता. म्हणून तिरोड्याच्या शिपायाने खोटं सांगितलं नव्हतं.

"मंग तो आता काऊन येते?" मी विचारलं. "तुमाले न्याले?"

त्यांनी नकाराची मान हलवली.

"मले बी आधी तसंच वाटलं. आयकलं मी बी, पयल्या दिवसापासून. वाटलं, त्याची पाळी त्यानं भरली, आता माही आहे. म्हनून ओ देनं सोडलं. म्हटलं, बोलावते त जाऊ." मग माझ्याकडे वळले. "पन तू म्हनते जागा सोडून उभा आहे. न्याले आलेला मानूस जागा सोडून उभा नाई राहात वो, रुख्मा. झाकाले आलेला राहाते."

मला उमजायला वेळ लागला.

"मेल्यायच्या गिनतीत तू माहं नाव घेतलं," ते म्हणाले. "मी तिथं नव्हतो. नाव आलं अन् कोनं बोललं नाई, त हवालदार धुंडाले येते. त्यानं माह्यासाठी ओ देली. अजून देऊनच रायला. त्याले कोनं सांगितलंच नाई का मी घरी पोहोचलो म्हनून."

६

अक्तीच्या सकाळी आत्यांनी घागरी मांडल्या. यांनी भिंतीला धरत धरत मागच्या दारापर्यंत येऊन सांगितलं, एक जास्तीची मांडा, कवडूच्या नावाची.

आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या. "कोन कवडू? जात नाई मालूम, कूळ नाई मालूम. आपल्या पितरायत परक्याले कसं बसवू? हे काय धरमशाळा आहे का?"

"माय, त्याले माहं नाव मालूम होतं. तेवढ्यावर मेला तो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. भैयाजी उंबऱ्यावर बसले होते; त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आत्यांनी सासऱ्यांची घागर हातभर सरकवली आणि मधे नव्या घागरीला जागा केली. "इथं ठेवा. यायले बी बोलाले मानूस पायजेच होता. नुसते बसून रायतेत."

इथपर्यंत ठीक होतं. पण हे म्हणाले, नुसत्या पाण्याने व्हायचं नाही. कवडूची पाळी सुटायची तर ज्याचं नाव आहे त्याने स्वतः जाऊन ओ दिली पाहिजे. त्याच जागी उभं राहून. आणि ज्या तोंडाने हाक गेली होती त्याच तोंडाने ती पुन्हा जायला हवी.

"म्हनजे तुमी त्या सोडलेल्या जागेत उभं राहानार?" मी म्हटलं.

"हव."

"मेल्यायच्या ओळीत."

"हव."

"अन् मंग वापस नाई फिरले त?"

त्यांच्या ओठांना कोरड पडली होती, डोळे लाल. अंग हाताला चटका देत होतं. "नाई फिरलो त," ते म्हणाले, "त्यानं फुकटच केलं म्हन."

मी अडवू शकले असते. त्यांना धड चालता येत नव्हतं. मी दारात बसले असते तर ते जाऊच शकले नसते. माझा माणूस घरात, डोळ्यांसमोर, अंगात ताप का असेना, पण होता. आणि मी त्याला स्वतःच्या तोंडाने तिकडे हाक मारायची होती. पण हेही दिसत होतं की असं ठेवून तो राहणार नाही. रोज थोडा थोडा जातोच आहे. मी दारातून सरकले.

ते गेले. वालाचा मांडव ओलांडला, बोरीच्या सावलीत गेले, अंदाजाने एक पाऊल डावीकडे सरकले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. हात अंगाला लावले. अशक्तपणाने झोक जात होता, पण एकदा उभे राहिल्यावर झोक गेला नाही. उजव्या अंगाने कोणी खांदा लावावा तसे स्थिर झाले.

त्यांच्या उजव्या बाजूला काही नव्हतं. मी मुद्दाम नीट बघितलं.

"हाक मार," भैयाजी पुटपुटले.

दुसऱ्यांदा, जन्मात दुसऱ्यांदा, मी नाव घेतलं.

"उदाराम!"

काही नाही. गावात कुठेतरी कोणी उखळात काहीतरी कांडत होतं, तेही थांबलं. पुढून नाही, मागून नाही, कुठूनच नाही. मला वाटलं, संपलं. आता दोघेही नाहीत. मी त्या शांततेत इतकी वाकून गेले होते की आत्यांनी माझा दंड धरला.

"हाजिर."

घोगरा आवाज, एकच. कोणाचा ते मला सांगता येईना. बायको असून मला सांगता येईना! ते तसेच पाठमोरे. मानेवरचे केस ओले दिसत होते. सदरा पाठीला चिकटला होता आणि त्यावरून पाणी गळत होतं.

मी ओरडणार होते. पण शामी माझ्या हाताखालून निसटली. तुरुतुरु मांडवाखालून गेली, बोरीपाशी जाऊन त्यांच्या धोतराला लोंबकळली आणि म्हणाली, "बाबा, ऊन लागते ना!"

आजवर तिने त्यांना बाबा म्हटलं नव्हतं.

ते वाकले. पोरीला उचललं आणि वळले. हेच होते. घामाने निथळत होते, कपाळावरून, हनुवटीवरून, कोपरांवरून घाम, आणि त्यांच्या पायाखालची माती त्याने भिजली होती. ओली, काळी माती. त्या दुसऱ्याच्या पायाखाली ती कोरडी राहिली होती.

ताप घामाने उतरतो हेही पुस्तकात आहे. मला माहीत आहे. मी वाद घालत नाही.

मग भैयाजींनी टोपी घातली, घसा साफ केला आणि नव्या घागरीपाशी हाक मारली, "कवडू." कोणी ओ दिली नाही. द्यायला नकोच होती. द्रोण मी घेतला. पितरांना काय बोलायचं ते ठरलेलं असतं, पण हा तर पाहुणा. काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "बापा, आमचा मानूस घरी पोहोचला. तुह्यामुळं पोहोचला. लय वेळ उभा रायलास, आता बस. पानी पी."

आणि पाणी सोडलं.

७

त्यानंतर मागून आवाज आला नाही. पहिले काही दिवस मी जेवणाच्या वेळी कान लावून बसायची. आता आत्या हाक मारतात तेव्हा मी शामीच्या ताटातले माशाचे काटे काढत असते, माझं लक्षही नसतं. ताप अजून येतो, पावसाळ्यात एकदा येऊन गेला. आला की हे शिव्या देतात, कडू गोळी घेतात आणि चौथ्या दिवशी नांगराला जातात.

त्या अक्तीच्या दुपारी मात्र एक गोष्ट झाली. वडे खाऊन झाल्यावर आत्यांनी यांना विचारलं, "पुलावर बाकीचे कोन होते?" यांनी नावं सांगितली. कोणी रायपूरकडचा, कोणी बालाघाटचा, एक मुसलमान पोरगा होता, एकाचं तर नुसतं टोपणनाव माहीत होतं. आत्या प्रत्येक नाव चुकीचं म्हणत होत्या आणि हे प्रत्येक वेळी दुरुस्त करत होते, आणि मधेच हसत होते, आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

यंदाच्या अक्तीला आत्या घागरी घ्यायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. कुंभारीण अनुसयाबाई एकेक घागर वाजवून देत होती. ओळ वाढत गेली तशी ती थांबली. हातातली घागर तशीच धरून आमच्याकडे बघायला लागली.

"मायबाई! देवकाबाई, एवढे कोन गेले वो तुमच्या घरचे?"

आत्या घागरीला बोट मारून बघत होत्या. "आमच्या घरचा एक वापस आला," त्या म्हणाल्या. "दे ते बी."